लेहमधल्या दोन रात्री परत द्या : खानदेशातून लडाखला बाइक राइड नेणाऱ्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून लडाखला बाइक राइड नेणारे सर्व आयोजक, रायडिंग ग्रुपचे प्रमुख आणि राइड लीडर

स. न. वि. वि.

पुढच्या मोसमाच्या जाहिराती फिरू लागल्या आहेत. गॅरेजवर येणारी पोरं मोबाइल पुढे करून विचारतात, "अण्णा, यातली कोणती बरी?" म्हणून मी त्या एकेक करून नीट वाचल्या. रकमा वेगळ्या, फोटो वेगळे, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. लेहमधला विश्रांतीचा दिवस गेला आहे. पूर्वी निदान एक दिवस असायचा, त्याला 'लेह लोकल' म्हणायचे. आता तोही नाही. 'मनाली ते मनाली, आठ दिवस, खारदुंग ला, पँगाँग, हानले, उमलिंग ला, सगळे एकाच राइडमध्ये' अशी ओळ ठळक अक्षरात असते आणि तिच्याखाली पहिल्या दिवसाचा मुक्काम म्हणून सरचू लिहिलेले असते.

मला हे मान्य नाही. तुमच्यातल्या काहींशी मी फोनवर बोललो. उत्तर एकच मिळाले, "अण्णा, मार्केटच तसं आहे." त्यामुळे आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

माझे अमळनेरला दुचाकीचे गॅरेज आहे. लडाखला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मोसमाआधी माझ्याकडे तयार होतात. क्लच प्लेटा, डिस्क पॅड, चेन सॉकेट, केबली बदलायच्या, कॅरियर बसवायचे, हे माझे काम. मी स्वतः त्या रस्त्यांवर श्रीनगरकडूनही गेलो आहे आणि मनालीकडूनही, काही वेळा तुमच्याच ग्रुपच्या शेवटी चालणारा मेकॅनिक म्हणून. मला हा छंद मनापासून आवडतो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याचा, दुकानदाराचा, रेल्वेतल्या फिटरचा मुलगा स्वतःच्या गाडीवर हिमालय बघून येतो याचा मला अभिमान वाटतो. राइड बंद करा असे मी म्हणत नाही. पोरं जशी जातात तशी धडधाकट परत यावीत, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

दुसरे कारण घरचे आहे. माझा भाचा, पारोळ्याच्या ताईचा मुलगा, गेल्या जूनमध्ये अशाच एका राइडला गेला आणि मरता मरता वाचला. ज्या आयोजकाबरोबर तो गेला होता त्याचे नाव मी घेणार नाही. त्याने जे केले ते आज बहुतेकांच्या वेळापत्रकात छापलेले आहे, त्यामुळे एकट्याला बोल लावून काही साधणार नाही.

आधी उंचीचे बोलू, कारण सगळे तिथेच अडते.

जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०९ मीटरवर आहे. धुळे अडीचशेच्या आसपास. आपण थंड हवेला ज्या तोरणमाळला जातो तेही साधारण ११५० मीटर. तापीकाठच्या माणसाच्या शरीराने उंची अशी पाहिलेलीच नसते. आता तुमचे वेळापत्रक घ्या. रविवारी भुसावळला रेल्वेत बसलेला मुलगा मंगळवारी मनालीत, सुमारे २,०५० मीटरवर झोपतो. बुधवारी बारालाचा ला ही जवळपास ४,८९० मीटर उंचीची खिंड ओलांडून सरचूच्या तंबूत मुक्काम. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर आहे. एका रात्रीत झोपण्याची उंची दोन हजार मीटरहून जास्त वाढली.

पर्वतीय वैद्यकात जगभर मानला जाणारा नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. लडाखच्या रस्त्यांवर गावेच अशी वसली आहेत की हा नियम तंतोतंत पाळता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. कारगिलहून लेहला गेले तरी आठशे मीटरची भर पडते. जिथे उडी टाळता येत नाही तिथे थांबून भरपाई करायची, त्यासाठीच लेहमधले ते दोन दिवस असतात. तुम्ही उडी मोठी केली आणि भरपाई काढून टाकली.

हवेतल्या प्राणवायूचे प्रमाण वर गेल्यावरही २१ टक्केच असते, पण हवेचा दाबच कमी होतो. लेहला तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के राहतो, सरचूला साठच्या आसपास, खारदुंग ला आणि उमलिंग लाला जवळपास निम्मा. शरीर आधी श्वास वाढवून निभावते. श्वास वाढला की रक्तातले आम्लाचे संतुलन बिघडते, ते सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. तोवर श्वासाला पूर्ण मोकळीक मिळत नाही. आणि झोपेत श्वास मंदावतो, म्हणून रक्तातला प्राणवायू रात्रीच सर्वात खाली जातो. दिवसा तुम्ही किती उंच खिंड ओलांडली यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे जास्त महत्त्वाचे. खारदुंग ला चढून पलीकडच्या नुब्रा खोऱ्यात, साधारण ३,१०० मीटरवर उतरून झोपणाऱ्याला त्या मानाने कमी त्रास होतो आणि सरचूत झोपणाऱ्याला रात्रभर डोके धरून बसावे लागते, त्याचे कारण हे आहे. यात कोणाच्या मर्दानगीचा प्रश्न नाही. तालमीत घाम गाळणारा पैलवान आणि दुकानात बसणारा माणूस, दोघांनाही उंची सारखीच बाधू शकते. उलट तब्येतीने चांगला मुलगा त्रास अंगावर काढतो आणि जास्त धोक्यात जातो.

सरचूबद्दल आणखी एक गोष्ट, जी मी एकाही जाहिरातीत वाचलेली नाही. उंचीचा त्रास वाढला तर एकच खरा उपाय, खाली उतरणे. सरचूहून खाली उतरायला रस्ताच नाही. मागे बारालाचा ला, पुढे लाचुंग ला पाच हजार मीटरच्या वर आणि त्यापलीकडे ५,३२८ मीटरचा तांगलांग ला. कुठल्याही बाजूला खाली जायचे तर आधी आणखी वर चढावे लागते. शरीर तयार नसलेल्या माणसाची पहिली उंच रात्र अशा जागी ठेवणे म्हणजे त्याला दोन दारे असलेल्या खोलीत घालून दोन्हींना कड्या लावण्यासारखे आहे. लेहहून मनालीकडे परत येताना हेच सरचू फारसे जाणवत नाही, कारण तोवर शरीर आठ-दहा दिवसांत सरावलेले असते. जागा तीच, मुक्कामही तोच, फक्त क्रम बदलला.

माझ्या भाच्याचे झाले ते असे. तेवीस वर्षांचा, तालुक्याला कबड्डी खेळणारा मुलगा. सरचूला पोहोचल्या संध्याकाळी डोके ठणकत होते, जेवण उलटून पडले. लीडरने पॅरासिटामॉलची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी पुढच्या नाल्याला पाणी वाढले आणि रस्ता बंद झाला, म्हणून ग्रुप तिथेच थांबला. मागचा रस्ता उघडा होता. दिवसाउजेडी, गाडीत बसवून, बारालाचा ला ओलांडून त्याला खाली जिस्पा-केलाँगला आणता आले असते. कोणी विचारच केला नाही, कारण वेळापत्रकात मागे जाण्याला जागाच नव्हती. "काही होत नाही भो, थोडा दम लागतोच," असे त्याला सांगितले गेले. त्या रात्री खोकला सुरू झाला. आडवे पडले की श्वास पुरेना, म्हणून तो बॅगेला टेकून बसून राहिला. त्याच्याबरोबरच्या मुलाने लीडरला दोनदा उठवले. लीडरने ऑक्सिजनचा छोटा डबा दिला आणि सकाळी लेहकडे निघू, तिथे बरे वाटेल, असे म्हणाला. लेह सरचूपेक्षा खाली आहे हे खरे, पण वाटेत तांगलांग ला आहे हे त्याला सुचले नाही की माहीत नव्हते, मला अजून कळलेले नाही.

सकाळी तंबू चालवणाऱ्या बाईने त्याचे ओठ निळे पडलेले पाहिले. तिनेच आपल्या माणसाला लष्कराच्या तळावर पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की फुप्फुसात पाणी भरू लागले आहे. त्यांनी ऑक्सिजन लावला आणि एका स्थानिक पिकअपवाल्याने सिलिंडरसकट त्याला बारालाचा ला पार करून शंभरेक किलोमीटरवर केलाँगला पोहोचवले. तो वाचला तो त्या बाईमुळे, त्या डॉक्टरांमुळे आणि त्या पिकअपवाल्यामुळे. ग्रुप तोवर लेहच्या वाटेला लागला होता. त्याच्याबरोबर एक मित्र मागे थांबला, तो स्वतःहून. ताईला पारोळ्यात हे कळले ते केलाँगहून त्या मित्राचा फोन आला तेव्हा. आयोजकाचा फोन त्यानंतर आला आणि त्यात त्याने राहिलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार नाहीत हे सांगितले.

ताई मला म्हणाली, "भाऊ, तू त्या लोकांच्या गाड्या दुरुस्त करतोस, तू त्यांना सांग." ते सांगतो आहे.

लक्षणे ओळखणे हे डॉक्टरचे काम आहे असे तुमच्यातले काही म्हणतील. निदान डॉक्टर करतील, पण तिथे रात्री दोन वाजता डॉक्टर नसतो, लीडर असतो. त्याला तीन गोष्टी तरी आल्याच पाहिजेत. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हा साधा त्रास, त्यात पुढे चढायचे नाही. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागते, खोकला येतो, थुंकीला फेस किंवा गुलाबी रंग दिसतो, म्हणजे पाणी फुप्फुसात आहे. माणूस बरळतो, तोल जातो, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नाही, म्हणजे सूज मेंदूला आहे. शेवटच्या दोन्हींत वाट बघायची नसते, अंधार असला तरी खाली निघायचे असते, आणि त्या माणसाने स्वतः गाडी चालवायची नसते. एवढे एका दुपारी शिकवता येते. तुमच्या किती लीडरना ते शिकवले आहे? माझ्या पाहण्यातले बहुतेक लीडर म्हणजे मागच्या वर्षी एकदा लडाखला जाऊन आलेली मुले. त्यांना रस्ता ठाऊक असतो, धाबे ठाऊक असतात, ड्रोन उडवता येतो.

त्या छोट्या ऑक्सिजनच्या डब्यांवर तर आधी बंदी घाला. डबा काही मिनिटांत संपतो. त्याने बरे वाटल्याचा भास होतो आणि उतरायची वेळ निघून जाते. सोबतच्या गाडीत बी टाइपचा एक सिलिंडर ठेवला तर त्यात साधारण १,५०० लिटर प्राणवायू असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतो. बारा तासांत माणूस खाली पोहोचतो. प्रत्येक ग्रुपबरोबर सामानाची गाडी असतेच, तिच्यात दारूची खोकी ठेवायला जागा मिळते तर सिलिंडरलाही मिळेल.

दारूचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. 'सरचूला कॅम्पफायर आणि पार्टी' हे तुम्ही आकर्षण म्हणून छापता. दारूने झोपेतला श्वास आणखी मंदावतो. पहिल्या उंच रात्री ती देणे धोक्याचे आहे आणि ती पॅकेजमध्ये धरून देणे ही आयोजकाची जबाबदारी ठरते.

गोळीचेही तसेच. डायमॉक्स ही गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण काहींना सल्फा औषधांची ॲलर्जी असते, काहींना ती चालत नाही. निघण्याआधी आपापल्या डॉक्टरला विचारून ती ठरवायची असते. मनालीत बसमध्ये प्रसादासारखी सगळ्यांना वाटू नका.

आता जाहिरातीतल्या खोट्याकडे येतो. खारदुंग लाच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेले होते. मोजमापांत ती खिंड सुमारे १७,५८२ फूट भरते. तुम्ही अजून १८,३८० लिहिता आणि वर 'जगातला सर्वात उंच मोटार रस्ता' म्हणता. तो मान २०२१ मध्ये सीमा सडक संघटनेच्या १९,०२४ फुटांच्या उमलिंग ला रस्त्याला गिनीजकडून मिळाला. हे तुम्हाला माहीत आहे, कारण दुसऱ्याच पानावर तुम्ही उमलिंग लाला तेच विशेषण लावता. एका पत्रकात सर्वात उंच रस्ते दोन. ज्याला खिंडीची उंची नीट लिहायची नाही, तो मुक्कामाची उंची गंभीरपणे घेईल यावर मी कसा विश्वास ठेवू?

पैशांचीही एक तक्रार आहे, ती थोडक्यात. मनालीहून किंवा चंदीगडहून भाड्याने घेतलेली गाडी लेहच्या स्थानिक लोकांच्या नियमामुळे नुब्रा आणि पँगाँगला नेता येत नाही, तिथे लेहची गाडी पुन्हा भाड्याने घ्यावी लागते. हे पोरांना लेहला पोहोचल्यावर कळते. बाहेरचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही हेही आधी सांगितले जात नाही आणि मग घरचे चार दिवस जीव मुठीत धरून बसतात. या दोन ओळी पत्रकात छापायला खर्च लागत नाही.

गाडी आणि चालवणारा, याबद्दल मेकॅनिक म्हणून सांगतो. उंचीवर इंजिनाची ताकद पडते, हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के. कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळून ती गुदमरते. मग नवखा चालक मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर अर्धा क्लच दाबून गाडी ओढत राहतो आणि क्लच प्लेटा जाळतो. उतारावर इंजिनाचा ब्रेक वापरायचा सोडून पाय ब्रेकवर ठेवून येतो, पॅड तापून ब्रेक पोकळ लागतो. हे सगळे घाटात शिकायचे असते. आपल्याकडे पोरं जळगाव ते धुळे महामार्गावर सरळ रेषेत शंभराच्या वेगाने जातात आणि त्यालाच राइडिंग समजतात. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला निघण्याआधी सामान लादलेल्या गाडीवर तोरणमाळचा सातपायरी घाट आणि चाळीसगावचा कन्नड घाट चढउतार करायला लावा. ज्याला उतारावर गिअर सांभाळता येत नाही त्याला पुढच्या वर्षी न्या. एवढे मात्र लक्षात ठेवा की या घाटांनी हात तयार होतो, फुप्फुस होत नाही. तोरणमाळला राहून लडाखच्या उंचीची तयारी झाली असे कोणाला सांगू नका.

नाल्यांचेही वेळापत्रकाशी नाते आहे. बर्फ दुपारच्या उन्हात वितळते, म्हणून सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारनंतर गुडघ्यापर्यंत चढते आणि खालचे दगड दिसत नाहीत. पहाटे निघून दुपारच्या आत नाले ओलांडायचे, हे तिथला प्रत्येक ट्रकवाला जाणतो. रात्री उशिरापर्यंत जागवलेला तीस गाड्यांचा ग्रुप सकाळी नऊपर्यंत चहाच घेत असतो. तीस गाड्या, पुढे एक माणूस आणि मागे एक, हीच मुळात चूक आहे. मधल्या कोणाचे काय झाले हे दोघांनाही दिसत नाही.

तुमची अडचण मला कळत नाही असे समजू नका. एकाने बारा दिवसांची राइड जाहीर केली की पोरं आठ दिवसांवाल्याकडे जातात. कंपनीत सुटी मिळत नाही, मृगाच्या आत पेरणीला परतायचे असते. दोन रात्रींचा खोलीचा आणि जेवणाचा खर्च वाढतो. पण तो खर्च किती? याच पोरांनी निघण्याआधी माझ्याच गॅरेजमध्ये फॉग लाइट आणि सायलेन्सरवर जेवढे पैसे घातलेले असतात, त्याहून तो कमी आहे. सुटीचे म्हणाल तर उमलिंग ला आणि हानले गाळा, दोन दिवस तिथेच निघतात. एकट्याने हे केले तर त्याचे गिऱ्हाईक तुटेल, म्हणून सगळ्यांनी एकदम करायला हवे. त्यासाठीच हे पत्र सर्वांना लिहिले आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक जाहिरातीत आणि वेळापत्रकात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामासमोर झोपण्याची उंची मीटरमध्ये छापा. खिंडीची नाही, झोपण्याची. बाकी काही केले नाहीत तरी ही एक गोष्ट करा, कारण ती छापली की सरचूसारखी उडी आपोआप डोळ्यांत भरेल आणि मुलाचे वडीलही प्रश्न विचारू शकतील.

जाताना श्रीनगरकडून जा आणि येताना मनालीकडून या. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, कारगिल २,६७६, लेह ३,५०० : हा चढ शरीराला पेलतो. एखाद्या वर्षी परिस्थितीमुळे श्रीनगरचा रस्ता शक्य नसेल तर मनालीकडून जाताना जिस्पा किंवा केलाँगला, म्हणजे ३,१०० ते ३,२०० मीटरवर, दोन रात्री काढल्याशिवाय पुढे सरकू नका. जाताना सरचूचा मुक्काम पूर्ण बंद करा.

लेहमध्ये दोन पूर्ण दिवस विश्रांती. त्या दिवसांत खारदुंग ला नाही, चांग ला नाही. आणि संपूर्ण राइडमध्ये एक दिवस राखीव, रस्ता बंद झाला किंवा कोणी आजारी पडला तर वापरायला.

दहा गाड्यांमागे प्रथमोपचार शिकलेला एक लीडर, सोबतच्या गाडीत मोठा सिलिंडर, आणि आजारी माणसाला कोणत्याही परिस्थितीत एकटे मागे न सोडण्याचे लेखी वचन. त्याला खाली नेण्याचा खर्च आयोजकाचा. त्याच्या घरी पहिला फोन आयोजकाचा.

उतरायचा निर्णय कोणी घेतला तर त्याचे उरलेल्या दिवसांचे पैसे परत करा. पैसे बुडतील म्हणून आजार लपवणारी मुले मी पाहिली आहेत.

शेवटची मागणी त्या कागदाबद्दल, ज्यावर तुम्ही निघताना सही घेता, 'मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे' म्हणून. त्या सहीने तुमची जबाबदारी संपते असे मानू नका. तुम्ही पैसे घेऊन सेवा देता, तिला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो आणि तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. तुमची नोंदणी आहे की नाही हे जाहिरातीत लिहा. विमा काढला असेल तर त्यात किती उंचीपर्यंतचा उपचार धरला आहे तेही लिहा, कारण अनेक पॉलिसींमध्ये उंचीची आणि साहसी प्रकारांची अट आत कुठेतरी असते.

यावर बसून बोलायची माझी तयारी आहे. अमळनेरला माझ्या गॅरेजवर या, नाहीतर जळगावला तुम्ही म्हणाल तिथे मी येतो. आपल्याकडच्या एखाद्या डॉक्टरला सोबत घेऊ, वेळापत्रके समोर ठेवू आणि एकेक रात्र तपासू. लीडरना शिकवायचा जो खर्च येईल त्यात माझा वाटा मी देईन.

एप्रिल संपेपर्यंत मी वाट बघतो. त्यानंतर माझ्याकडे लडाखसाठी गाडी तयार करायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी त्याच्या वेळापत्रकातला प्रत्येक मुक्काम आणि त्याची उंची विचारणार आहे. गाडीचे काम कोणाचेही नाकारणार नाही, कारण खराब ब्रेकवर कोणी घाटात जाऊ नये. पण ज्याच्या पत्रकात पहिली उंच रात्र सरचूला असेल आणि लेहला विश्रांती नसेल, त्याच्या घरी फोन करून त्याच्या आई-वडिलांना मी हे पत्र वाचून दाखवणार आहे.

आपला,
एक रायडर आणि गॅरेजवाला
अमळनेर, जि. जळगाव